मार्क अजून द्यायचेत

एक वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर वीसेक वर्षं बसणाऱ्या गुंजाळलाही नाही. वाक्य लहान आहे. आवाज न चढवता बोललेलं आहे आणि त्यात एकही वाईट शब्द नाही. "प्रॅक्टिकलचे मार्क अजून द्यायचेत, अलका." एवढंच. तृतीय वर्षाच्या भूगोलाच्या एका मुलीला मी हे म्हणालो होतो. तिच्या हातात तेव्हा शिक्षकांविषयी मत लिहायचा कागद होता आणि ती त्यावर खरं लिहिणार होती.

फेब्रुवारी सरत आला की हे वाक्य माझ्याकडं परत येतं. आमच्या कॉलेजच्या मागच्या कुंपणाला लागून कांद्याची रानं आहेत. काढणी सुरू झाली की वर्गात बसल्या जागी तो ओला, तिखट, मातीत मिसळलेला वास येतो. फळ्यावर लिहिताना डोळे चुरचुरतात. खिडकीतून बायांचं बोलणं ऐकू येतं, मधेच एकीचं हसू फुटतं आणि माझा वाक्यातला धागा तुटतो. पोरांची हजेरी निम्म्यावर येते. अर्धी घरच्या रानात वाकलेली असतात, उरलेली झेरॉक्सच्या दुकानापुढं उभी. आंब्याला मोहर असतो. ऊस तुटून गेलेल्या रानांतून बिबट्या बाहेर पडलेला असतो, म्हणून शेवटचा तास अर्ध्यातच सोडायचा असतो. जुन्नरकडची पोरं आणि आंबेगावकडची पोरं आपापल्या एसटीच्या दिशेनं पांगतात. आणि याच दिवसांत, परीक्षेच्या तोंडावर, आम्ही पोरांना विचारतो की बाबांनो, आम्ही वर्षभर कसं शिकवलं?

याला आम्ही सगळे फीडबॅक म्हणतो. आता तो मोबाइलवर भरतात. तेव्हा कागद असायचे.

तेव्हाची पद्धत सांगतो, म्हणजे आमच्या खेळाचा अंदाज येईल. ज्या शिक्षकाविषयी मत द्यायचं, तोच शिक्षक वर्गात कागद वाटायचा, तोच पोरांच्या डोक्यावर उभा राहायचा, आणि तोच गोळा करून न्यायचा. पुढच्या बाकावरचा एखादा विचारायचा, "सर, सगळीकडं फुल्लच द्यायचं ना?" आम्ही हसून म्हणायचो, "तुम्हाला वाटेल ते द्या रे." ते फुल्लच द्यायचे. एका वर्षी दिवाळीच्या आधी एक तासिकेवरचे सर सोडून गेले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. तो विषय पुढं अख्खं वर्ष रिकामा गेला. त्या विषयाच्या शिकवण्याला पोरांनी पैकीच्या पैकी दिले. जो माणूस वर्गात नव्हता, तो त्या वर्षीचा आमचा सर्वोत्तम शिक्षक ठरला. बैठकीत तो तक्ता वाचून दाखवला गेला तेव्हा कुणी हसलं नाही. आम्ही चहा प्यायलो.

ही पोरं खोटारडी नव्हती. सरांना नावं ठेवायची नाहीत, हे घरून शिकून आलेली होती. आहुप्याकडचा, डोंगरातला एखादा बाप पोराला कॉलेजात घालायला येतो तेव्हा दारातच चप्पल काढतो. मला ते बघून पूर्वी बरं वाटायचं. आता वाटत नाही. त्या काढलेल्या चपलेचा आम्ही फार गैरफायदा घेतलाय. आदर म्हणून जे आम्हाला मिळत होतं त्यातलं बरंचसं भय होतं. आम्हाला ते ठाऊक होतं आणि आम्ही ते आदर म्हणूनच खिशात घातलं. हे मी लिहितोय म्हणून स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी बोलणार नसेल तर न बोलो.

आता पेटीविषयी.

आमच्या विभागात भिंतीतल्या कपाटात एक लाकडी पेटी होती. तिच्यात डंपी लेव्हल. म्हणजे तीन पायांच्या घोडीवर बसवायची एक दुर्बीण. तिच्यातून समोर उभ्या धरलेल्या पट्टीवरचे आकडे वाचायचे आणि जमिनीचा चढउतार काढायचा. तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकात ती मुलांना शिकवायची असते. मी ती कधीच शिकवली नाही. कारण मला ती येत नव्हती. मी स्वतः विद्यार्थी असताना आमच्या सरांनी आम्हाला आधीच्या वर्षीची जर्नलं दिली, आम्ही ती उतरवली आणि पास झालो. नोकरीला लागल्यावर एका सुट्टीच्या दिवशी कुणी नसताना मी पेटी उघडली होती. घोडीवर दुर्बीण कशीबशी बसवली, डोळा लावला, तर भिंतीला टेकवलेली पट्टी उलटी. आकडे खाली डोकं वर पाय. मी स्क्रू फिरवले, दुर्बीण पुसली, परत बघितलं. उलटंच. मला वाटलं, बिघडलीय. पेटी बंद केली. मग दरवर्षी मुलांना सांगू लागलो की दुर्बीण बिघडलीय, दुरुस्तीला पैसे मंजूर झाले की दाखवू, तोवर जर्नल उतरवून घ्या.

जुन्या दुर्बिणींतून उलटंच दिसतं. त्या तशाच बनवलेल्या असतात. भूगोलाच्या प्राध्यापकाला हे माहीत नव्हतं.

अलका आहुप्याच्या पलीकडच्या एका वाडीतली. पहाटेच्या एसटीनं खाली यायची, आणि एसटी चुकली तर येणाऱ्या कुठल्याही जीपच्या मागं लोंबकळत. घरी भात आणि नाचणी. वर्गात तोंड उघडायची ती फक्त प्रश्न विचारायला. तिला जमीन मोजण्याच्या कामात जायचं होतं. "आमच्या तिकडं मोजनीवालं येत्यात ना सर, त्येंच्या हाती समदं असतंय," ती एकदा म्हणाली होती. "आमचा बा नुसता उन्हात हुबा ऱ्हातो आन् मान हलवितो. मला त्या दुर्बिनीतून बघायचंय, त्येंला काय दिसतं ते."

एका दुपारी मी वर्गातून विभागात आलो तर कपाट उघडं, पेटी उघडी, आणि अलका खिडकीत दुर्बीण टेकवून डोळा लावून उभी. मला बघून दचकली नाही. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला आजही ते नीट लिहिता येणार नाही.

"सर, उलटं दिसतंय," ती म्हणाली, "पर समदं दिसतंय. लई लांबचं. कांदा काढनाऱ्या बाया आभाळाला लटाकल्यात बघा."

"बिघडलीय ती. ठेव," मी म्हणालो.

"बिघाडली नसंल सर. आकडं वाचता येत्यात की."

"अलका, ठेव म्हटलं ना."

तिनं ठेवली. पेटीची कडी लावली. माझ्यावर विश्वास ठेवला.

त्याच आठवड्यात फीडबॅकचे कागद आले. मी वाटले. पाच मिनिटांत सगळ्यांचे परत आले. अलका शेवटच्या बाकावर पेन धरून बसलेली. मी जवळ गेलो. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. 'उपकरणे हाताळण्याची संधी मिळाली का?'

"सर, हितं काय लिवू? मिळाली न्हाई असं लिवलं तर कोन रागवंल का? म्हंजी वरच्यांनी वाचलं तर पैसं देतील ना दुरुस्तीला. म्हनून म्हनते."

तिला माझी तक्रार करायचीच नव्हती. दुर्बीण दुरुस्त व्हावी एवढंच तिला हवं होतं. पण तिचं 'आकडं वाचता येत्यात की' ऐकल्यापासून मला शंका होती, आणि मला त्या क्षणी दिसलं ते असं: वरून कुणीतरी येईल, पेटी उघडेल, दुर्बिणीला डोळा लावेल, आणि म्हणेल, ही तर ठणठणीत आहे. मग मी ते वाक्य बोललो. शांतपणे. जवळजवळ प्रेमानं.

अलकानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून 'होय, पुरेपूर' वर खूण केली. खालच्या ओळी न वाचता खुणा करत गेली. तिनं मला पैकीच्या पैकी दिले, आणि महिनाभरानं मी तिला प्रात्यक्षिकात जवळपास तेवढेच दिले. बाहेरून आलेले परीक्षक जर्नलवर सह्या करून जेवायला गेले होते. आमच्यासारख्या कॉलेजांत हा व्यवहार वर्षानुवर्षं चालतो आणि याला आम्ही निकाल चांगला लागला असं म्हणतो.

पुढं पावसाळ्यात ती गुणपत्रिका न्यायला आली. भिजलेली. ऑफिसपुढच्या ओट्यावर उभी होती. मला बघून हसली. मंचरला एका खासगी मोजणीवाल्याकडं तिला बोलावलं होतं, निकालातले मार्क बघून. पहिल्याच दिवशी रानात नेलं, घोडी उभी केली, म्हणाले, बाई, लावा लेव्हल.

"म्या डोळा लावला सर. उलटं व्हतं. तर म्या म्हनलं, ही बिघाडलीय." ती परत हसली. "ते लई हासलं. एकजन म्हनला, कुठल्या कालेजात शिकलीस गं? मंग ते म्हनलं, जा तुमी घरी. गाडीभाडं दिलं त्येंनी, तसं काय वाईट न्हवतं."

मी म्हणालो, "असं होय."

"माजंच चुकलं आसंल काय तरी," ती म्हणाली. "मला वाटलं व्हतं मला येतंय."

एसटी लागली तशी ती पळाली. दुर्बीण चांगली आहे याची मला त्या ओट्यावर खात्री पटली. त्याहून वाईट गोष्ट अशी की कळल्यावरही मी पेटी उघडली नाही. किती वर्षं, ते मोजायची माझी हिंमत नाही. पोरं पैकीच्या पैकी देत राहिली. ज्याला दरसाल सांगितलं जातं की तू उत्तम आहेस, तो कशाला कपाट उघडेल?

कपाट उघडलं ते एका ओळीमुळं. फीडबॅक मोबाइलवर आला, नावं गेली, आणि दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तक्त्याच्या तळाशी एक ओळ आली: 'सर दुर्बिणीची पेटी कधीच उघडत नाहीत. त्यांना येत नसेल तर सांगावं, आम्ही हसणार नाही.'

गुंजाळ माझ्या खांद्यावरून वाचत होता. माणूस वाईट नाही; माझ्या आईच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसलेला. तो म्हणाला, "कोण आहे हा दीडशहाणा? भाषेवरून काढू आपण हुडकून. बोरी बुद्रुकचं ते लांबडं पोरगं असणार. जास्त बोलतं ते."

"हुडकायचं नाही," मी म्हणालो.

"अहो सर, आज तुमच्यावर लिहिलं, उद्या माझ्यावर लिहितील राव."

"लिहू देत. खोटं लिहिलंय का त्यानं?"

एवढी वर्षं मी स्टाफरूममध्ये कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. गुंजाळनं वर्तमानपत्र उघडलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या मैदानावर मी ती घोडी उभी केली. मोबाइलवर बघून, पुस्तकातल्या आकृत्या बघून, तीन स्क्रू आणि तो नळीतला बुडबुडा. दोन स्क्रू एकदम आत किंवा एकदम बाहेर फिरवायचे, मग तिसरा. बुडबुडा पळायचा. शिपाई पायरीवर बसून बघायचा आणि विचारायचा, "सर, रस्ता निघनार हाय का हितून?" आठवडा गेला. एका सकाळी बुडबुडा मधोमध थांबला. डोळा लावला, तर सगळं शिवार उलटं: डोंगर खाली लोंबतायत, आभाळाची जमीन झालीय, आणि पट्टीवरचे आकडे उलटे असूनही एकेक स्पष्ट वाचता येतायत. अलका कित्येक वर्षांपूर्वी हेच म्हणाली होती. मी तिथं उन्हात उभा होतो आणि मला जे वाटलं त्याला आनंद म्हणायची माझी तयारी नाही.

इतक्या वर्षांच्या पैकीच्या पैकी गुणांनी जे केलं नाही ते एका निनावी ओळीनं केलं. म्हणून मी दरवर्षी या दिवसांत वर्गावर्गात जाऊन सांगतो, भरा. नीट वाचून भरा. माझं चुकलं तिथं चुकलं म्हणा. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "तुम्ही मुलांना कशाला चिथवताय? कॉलेजला श्रेणी देणारी समिती यायची आहे. आकडे पडले तर कोण उत्तर देणार?" मी म्हणालो, "मी देईन." ते म्हणाले, "तुमचं एकट्याचं कॉलेज आहे का?" नाही. पण त्या पोरांचं आहे. आणि पडलेल्या आकड्यांची मला भीती वाटत नाही; उभ्या आकड्यांनी काय होतं ते मी बघितलंय.

तरीही पोरं भरत नाहीत, किंवा भरतात ती अंगठा एकाच बाजूनं खाली ओढत. यंदाही तेच. मागच्या आठवड्यात तृतीय वर्षाच्या वर्गात मी उभा होतो. बाहेर कांद्याची पोती भरण्याचा आवाज. मी नेहमीचं बोललो. खोडदचा ओंकार मागून म्हणाला, "सर, आमच्या गावात त्या मोठाल्या अँटेना हायेत, त्यांना आभाळातलं बारीकसारीक ऐकू येतं म्हणं. हितं आमचं कुणाला ऐकू जाईल का तेवढं सांगा." वर्ग हसला. मीही हसलो.

मग सानिया उठली. जुन्नरची. वडलांचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि आलेल्या बाईला दोन डझन घेतल्याशिवाय ती जाऊ देत नसेल असं तिचं बोलणं.

"सर, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुम्ही म्हणता खरं लिहा. तुमच्याबद्दल पण लिहा. आणि प्रॅक्टिकलचे मार्क कोण देणार? तुम्हीच ना? ते अजून द्यायचेत ना?"

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, हिशेब म्हणून विचारलं होतं. माझंच वाक्य इतक्या वर्षांनी दुसऱ्या मुलीच्या तोंडून, आणि या वेळी उत्तर मी द्यायचं होतं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो आणि तास सोडला.

त्या संध्याकाळी मी मार्क पूर्ण केले. प्रात्यक्षिक परीक्षा झालेली होती; यादी पाठवायला अजून मुदत होती, आणि आमच्यात ती मुदत संपेपर्यंत यादी हातात धरून ठेवायची रीत आहे. ती कशासाठी असते ते आता सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी विद्यापीठाला पाठवली, तिची प्रत फळ्याशेजारी लावली आणि वर्गाला म्हणालो, "गेले मार्क. आता माझ्या हातात काही नाही. मला बदलायचे म्हटले तरी बदलता येणार नाहीत. आता लिहा."

सानियानं उठून यादी वाचली. स्वतःचे मार्क बघितले, शेजारणीचे बघितले. "बरं," ती म्हणाली. "आता तुम्ही घाबरा मग."

गुंजाळ चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी डब्यातली भाजी माझ्या ताटलीत वाढत म्हणाला, "पुढच्या वर्षी मलाही आधीच पाठवायला लावतील हे लोक, तुमच्यापायी." मी म्हणालो, "पाठव की." त्यानं भाजी वाढणं थांबवलं नाही.

काल तक्ता आला. माझे आकडे पडलेत. चांगलेच पडलेत. प्राचार्यांनी कागद टेबलावरून माझ्याकडं सरकवला. खाली बऱ्याच ओळी होत्या, आणि निम्म्याअधिक ओळींत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत होती: सर दुर्बीण स्वतःच लावतात. आम्हाला नुसतं डोळा लावू देतात. स्क्रूला हात लावू देत नाहीत. एकीनं लिहिलं होतं, 'सरांना ती फार आवडते असं वाटतं, पण परीक्षा आमची आहे.'

खरं आहे. मला हे कळलंच नव्हतं. उशिरा शिकलेला माणूस शिकलेली गोष्ट सोडत नाही. मी दरवर्षी वर्गापुढं तो बुडबुडा मधोमध आणून दाखवतो आणि पोरं माझ्या पाठीशी उभी असतात, अलकाचा बाप मोजणीवाल्यांपुढं उभा राहायचा तशी. मार्क मी यादीत भरले ते कशाचे, असा प्रश्न उरतोच. त्या यादीवरही माझी सही आहे.

आज सकाळी मी पेटी मैदानावर नेली, सगळ्यांना बोलावलं आणि लांब पायरीवर जाऊन बसलो. परीक्षा झाली असली म्हणून काय झालं. सानिया आणि ओंकार भांडत होते. "अरे आत म्हंजे दोन्ही आत, तू एक बाहेर काय फिरवतोस?" "तूच लाव मग, बांगडी भरल्यासारखी." दोनदा घोडी कलंडता कलंडता राहिली. माझे हात शिवशिवत होते. मी उठलो नाही. कधीतरी त्यांचा बुडबुडा थांबला असणार, कारण ओरडा झाला आणि कुंपणापलीकडच्या बाया कंबर ताठ करून बघायला लागल्या.

हे सगळं मी माझ्या नावानिशी छापायला देतोय. कॉलेजला वाचायचं तर वाचू दे, चौकशी करायची तर करू दे. त्यात मी काही नाकारणार नाही. यंदाच्या पोरांना मी सांगू शकतो की तुम्ही लिहिलंत म्हणून मी बदललो. अलकाला तेवढंही सांगू शकत नाही, कारण तिला मी लिहूच दिलं नाही. ती आता कुठं आहे ते मला माहीत आहे. लग्न करून दिली त्या वाडीत आहे, आहुप्याच्या अलीकडं उतरून पुढं थोडं चालायचं. अजूनपर्यंत मी त्या एसटीत बसलेलो नाही. तिचं काही चुकलं नव्हतं, मला येत नव्हतं आणि मी तिला धमकावलं, हे तिच्या तोंडावर सांगणं मी देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.